भोंगाबाईंची सुधारित घोषणा

परमेश्वराने मनुष्याला कंठ दिला आणि मनुष्याने त्याचा विनियोग प्रामुख्याने दुसऱ्याचे वाक्य अर्ध्यावर तोडण्यासाठी केला. या सार्वत्रिक अपव्ययाला एक सन्माननीय अपवाद आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहतो. या बाई एकतीस वर्षे बसस्थानकावर उद्घोषिका होत्या. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती उशिराने धावते आहे आणि कोणती आज धावणारच नाही, हे त्यांनी एकतीस वर्षे सकल जनतेला एकाच स्वरात सांगितले. त्या स्वराला चढ नव्हता, उतार नव्हता, हर्षामर्षाचा लवलेश नव्हता. गाडी वेळेवर आली काय आणि वाटेत बंद पडली काय, बाईंचा षड्ज ढळला नाही. स्थितप्रज्ञाची लक्षणे आम्ही पुष्कळ वाचली होती. प्रत्यक्षात ती ऐकली मात्र ध्वनिक्षेपकातून.

अशा तपश्चर्येला समाज पदवी देतोच. समाजाने त्यांना 'भोंगाबाई' म्हटले. तोंडावर 'बाई' आणि पाठीमागे 'भोंगाबाई', इतका शिष्टाचार आमच्या इमारतीत अद्याप टिकून आहे.

बाईंच्या कामाची पद्धत सांगणे अवश्य आहे, कारण पुढचा सगळा अनर्थ तिच्यातूनच उद्भवला. त्यांची खोली नियंत्रकाच्या खोलीला लागून होती. मधल्या भिंतीत वीतभर रुंदीची एक खिडकी, तिला सरकते लाकडी झाकण. झाकण सरके, नियंत्रकाचा हात आत येई, हातात चिठ्ठी असे. बाई चिठ्ठी घेत, कळ दाबत आणि वाचत. फलाटाच्या बाजूला त्या खोलीला खिडकी नव्हती. म्हणजे ज्या हजारो गाड्या लागल्याचे त्यांनी जगाला सांगितले, त्यांतली एकही त्यांनी लागलेली पाहिली नव्हती. रुजू झाल्या त्या दिवशी त्यांच्या आधीच्या ज्येष्ठ उद्घोषिकेने त्यांना एकच उपदेश केला होता. "चिठ्ठी आली की वाचायची. खरी आहे का बघायला उठायचं नाही. उठलीस तर पुढची चिठ्ठी कोण वाचणार?" गुरूपदेश म्हणून हे वचन सदोष असेल, पण नोकरी टिकवण्यासाठी याहून पूर्ण दर्शन आजवर कोणी सांगितलेले नाही.

आणि इतके करून त्यांच्या शब्दावर विश्वास किती जणांनी ठेवला? 'फलाट क्रमांक तीन' ही अक्षरे हवेत विरतात न विरतात तोच पंधरा माणसे दाराशी येऊन विचारीत, "बाई, कुठल्या फलाटावर?" काही जण तर "तीनवर सांगतायत, म्हणजे पाचवर असणार," अशा स्वतंत्र प्रज्ञेने पाचवर जाऊन उभे राहत, आणि गाडी चुकली की बाईंच्या नावाने बोटे मोडीत. निवृत्तीच्या दिवशी दुसऱ्या उद्घोषिका रजेवर असल्यामुळे स्वतःच्या निरोपसमारंभाची घोषणा बाईंनी स्वतःच केली. समारंभाला चार माणसे आली. बाकीच्यांचा विश्वास बसला नसावा.

निवृत्तीनंतर बाई आणि त्यांच्या विधवा वहिनी अशा दोघीच तळमजल्यावर राहू लागल्या. वहिनींचा आवाज म्हणजे गंजलेल्या बिजागरीचा अवतार. त्यांना वेळेचे भान नाही, संधिवात आहे आणि मते आहेत. बाईंना चिठ्ठ्या येणे थांबले होते, तरी कंठाला एकतीस वर्षांची सवय. स्वयंपाकघरातही नकळत घोषणा होऊ लागल्या.

"कुकरची तिसरी शिट्टी झालेली आहे."

"मला कान आहेत, वन्सं."

"दूध उतू जाण्याच्या मार्गावर आहे."

"मग उठा आणि गॅस बंद करा की! सांगत काय बसता?"

येथे दोन जीवनदृष्टींचा मूलभूत विरोध होता. वहिनींच्या मते दूध उतू जात असेल तर उठावे. बाईंच्या मते ते जाहीर करावे.

अशा अवस्थेत एका संध्याकाळी बाईंनी माशांची डोकी उकडून थोड्या भाताबरोबर इमारतीमागच्या पाण्याच्या टाकीशेजारी टाकली आणि सवयीने म्हटले, "पाच वाजून चाळीस मिनिटांची भात-मासळी टाकीमागे लागलेली आहे." टाकीवरून एक फाटक्या कानाचा बोका उतरला, जेवला आणि मागे न पाहता निघून गेला. दुसऱ्या दिवशी पाच-चाळीसला तो हजर होता. तिसऱ्या दिवशी तिघे होते. महिन्याभरात सात झाले. घोषणा ऐकून कोणी दाराशी येऊन 'कुठे?' असे विचारले नाही, कोणी दुसऱ्या टाकीमागे जाऊन उभे राहिले नाही. एकतीस वर्षे ज्या श्रोत्यांची वाट पाहिली ते अखेर चार पायांवर चालत आले. बाईंनी त्या दिवशी रात्रीचे जेवण जरा कमी घेतले, असे वहिनी सांगतात. आनंद व्यक्त करण्याची त्यांच्या घराण्यात तीच रीत आहे.

मांजरांना त्यांनी नावे दिली ती आपल्या शास्त्रातलीच. फाटक्या कानाचा बोका खातो आणि थेट निघून जातो, म्हणून तो 'विनाथांबा'. राखी रंगाची सडपातळ मांजरी 'जलद'. दर चार दिवसांनी बेपत्ता होऊन उगवणारी 'परतीची'. एकाच छापाच्या दोन काळ्या-पांढऱ्या बहिणी 'पहिली फेरी' आणि 'दुसरी फेरी'. वेळापत्रकात नसताना जन्मलेले पिल्लू अर्थातच 'जादा'. आणि जी म्हातारी तांबूस मांजरी जेवून बाईंच्या दारातल्या पायपुसण्यावर अंगाचे वेटोळे करून झोपे, ती 'मुक्कामी'. मुक्कामीला बाई अहोजाहो करीत.

"वन्सं, मला कधी एवढ्या मानानं 'या, बसा' म्हटलं नाहीत," वहिनी म्हणत.

"तुम्ही वेळेवर येत नाही, वहिनी."

इमारतीवर या व्यवस्थेचा परिणाम झाला. पाच-चाळीसची घोषणा ऐकून चौथ्या मजल्यावरचे आजोबा औषधाची गोळी घेत, दुसऱ्यावरच्या सूनबाई चहाचे आधण ठेवीत आणि आम्ही फिरायला निघत असू. कोणी कृतज्ञता व्यक्त केली नाही. सूर्याचे तरी कोण आभार मानते?

तथापि जेथे सुव्यवस्था स्वयंभू असते तेथे समितीला अस्वस्थ वाटते. आमच्या इमारतीच्या समितीचे सचिव हे निवृत्तीपूर्वी कुठल्याशा कार्यालयात परिपत्रके काढीत असत. ती कळ त्यांच्या बोटांतून गेली नव्हती. जिन्यात, फाटकावर, पाण्याच्या पंपावर, जेथे चिकटपट्टी चिकटेल तेथे त्यांची सूचनापत्रे लागत. 'जिन्यात हसताना इतरांच्या शांततेचा विचार करावा,' हे त्यांचेच. एका सकाळी त्यांच्या नव्या मोटारीच्या काचेवर चार पावलांची एक सुबक माळ उमटलेली दिसली. विनाथांबा थांबला नव्हता, हे त्यावरून स्पष्टच होते; तो नुसता वरून गेला होता. पण सचिवांच्या अंतःकरणावर तीच पावले उमटली.

सभा भरली. मांजरांपासून इमारतीस असलेल्या धोक्यांची सतरा कलमी यादी सचिवांनी वाचली. त्यांतले अकरावे कलम 'भविष्यात उद्भवू शकणारे इतर धोके' असे होते आणि सोळावेही तेच होते. ठराव झाला: आवारातील मांजरांचे स्थलांतर करावे. 'हाकलावे' हा शब्द असंस्कृत ठरला असता. तत्सम शब्दांची थोरवी हीच की कोणतेही कृत्य त्यांत गुंडाळता येते. ठरावाखाली अकरा सह्या आहेत. त्यांतली एक आमची आहे. चष्मा घरी राहिला होता असे आम्ही पुढे सांगत असू, परंतु तो नाकावरच होता.

मांजरे धरणाऱ्या दोन गृहस्थांना पाचारण करण्यात आले. ते निळी गाडी, जाळी आणि सात पिंजरे घेऊन आले. पहिल्या दिवशी त्यांनी जाळ्यात सचिवांची कुंडी धरली. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात मासे ठेवून ते दबा धरून बसले. विनाथांब्याने बाहेरूनच गजांतून पंजा घालून मासे काढले आणि उरलेल्या सहांनी ते वाटून घेतले. मात्र त्याच दिवशी पाच-चाळीसला बाईंचा आवाज झाला आणि सातही मांजरे भिंतीवरून, झाडावरून, पन्हाळीतून तीर्थयात्रेकरूंसारखी एका दिशेने येऊ लागली. गाडीजवळ उभे असलेले दोघे आ वासून पाहत राहिले.

"अहो सचिव," त्यांतला एक म्हणाला, "जाळी कशाला हवी? त्या बाईंना सांगा की."

सचिवांना मनुष्यस्वभावाचे ज्ञान बेताचेच, परंतु कार्यालयीन स्वभावाचे अगाध. ते बाईंकडे गेले नाहीत, दार वाजवले नाही, चर्चा केली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेपाचला ते इमारतीच्या मागच्या बाजूने बाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. ती खिडकी लहान होती आणि तिची काच सरकती होती. त्यांनी ती सरकवली, हात आत घातला आणि चिठ्ठी पुढे केली.

"लस टोचायची आहे सगळ्यांना," ते बाहेरून म्हणाले. "आज वेळ बदललीय."

आता जाणते वाचक विचारतील: बाईंनी विचारले का नाही? कोणाची लस, कुठली गाडी, परत कधी? पण ज्या हाताला खिडकीतून आलेला कागद दिसला, तो हात एकतीस वर्षांचा होता. बाईंनी चिठ्ठी घेतली. ती टंकलिखित होती, खाली शिक्का होता, वळणदार सही होती. नियंत्रकाच्या चिठ्ठ्यांवर कधी इतका साजशृंगार नसे. बाईंनी पदर सावरला, टाकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि वाचले:

"कृपया लक्ष द्यावे. पाच वाजून चाळीस मिनिटांची भात-मासळी आज पाच वाजता, मागील फाटकाजवळ निळ्या गाडीशेजारी लागलेली आहे."

शरणागतीचे दोन प्रकार शास्त्रकारांनी सांगितले आहेत. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवते. मांजराचे पिल्लू काहीच करीत नाही, आई मानेला धरून नेईल तेथे निमूट जाते. ज्ञानी लोकांत यांपैकी श्रेष्ठ कोणता याविषयी मोठा वाद आहे. त्या संध्याकाळी निळ्या गाडीपाशी तो मिटला. सात मांजरे आली. बाईंचा शब्द होता, म्हणून ती पिंजऱ्यांना भ्याली नाहीत. मुक्कामी तर आपण होऊन एका पिंजऱ्यात शिरली, तीनदा गोल फिरली आणि वेटोळे करून बसली. फक्त विनाथांबा दारे लागल्यावर एकदा ओरडला. त्याचा आवाज आम्ही त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला.

बाई आत भात निववत होत्या. त्यांनी गाडी पाहिली नाही. पाहायला उठायचे नाही, हा नियमच होता.

एक दिवस गेला, दुसरा गेला. पाच-चाळीसला बाई टाकीपाशी जात, घोषणा करीत आणि थांबत. चौथ्या मजल्यावरचे आजोबा गोळी घेत. भात तसाच राही. तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "वन्सं, लसीला तीन दिवस लागतात होय? मला नातवाच्या वेळी तीन मिनिटं लागली होती."

बाई सचिवांकडे गेल्या. आयुष्यात प्रथमच त्या चिठ्ठीची चौकशी करायला उठल्या होत्या.

"मांजरं कधी परत येणार?"

"परत?" सचिवांनी ठरावाची प्रत काढली. "यात स्थलांतर असा शब्द आहे, बाई. नदीपलीकडच्या धान्याच्या गोदामांकडे सोडलीत त्यांना. उंदरांची रेलचेल आहे तिकडं. आपल्यापेक्षा मजेत असतील."

"चिठ्ठीत तसं नव्हतं."

"चिठ्ठीत खोटं काय होतं? गाडी निळी होती, फाटकाजवळ होती, पाच वाजता होती. बाकीचं तुम्ही विचारलं नाहीत."

"मी कधीच विचारत नाही," बाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी," सचिव प्रसन्नपणे म्हणाले. खरे बोलण्याचा आनंद त्यांना फार क्वचित मिळत असावा.

त्या संध्याकाळी पाच-चाळीसला घोषणा झाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी नणंद-भावजया बसने नदीपलीकडे निघाल्या. भाताचा डबा वहिनींच्या मांडीवर. संधिवाताने बेजार झालेल्या वहिनी का निघाल्या, असे आम्ही विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्यांना एकटं सोडलं तर कंडक्टरनं उतरवीपर्यंत बसून राहतील. गाडीचा थांबा आला की नाही हे ह्यांना दुसऱ्यानं सांगावं लागतं." सात मांजरांविषयी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. ती मेली तरी चालतील असे त्या दोन वर्षे म्हणत आल्या होत्या. मतांचा मान राखला पाहिजे.

गोदामे लांबलचक, पत्र्याच्या छपरांची. मध्ये पोत्यांनी भरलेले पटांगण. फाटकाशी स्टुलावर एक पहारेकरी. पाच-चाळीस झाले तशा बाई पटांगणाच्या मध्यभागी उभ्या राहिल्या. त्यांच्या व्यवसायात चूक झाली तर सुधारित घोषणा करण्याची पद्धत असते, आणि तिच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते. ते वाक्य बाईंनी एकतीस वर्षांत किमान लाखभर वेळा उच्चारले असेल. घाटात अडकलेल्या, पंक्चर झालेल्या, मुळात सुटलेल्याच नसलेल्या गाड्यांसाठी. त्यात अर्थ असू शकतो अशी शंका त्यांना त्या दिवसापर्यंत आली नव्हती.

"कृपया लक्ष द्यावे. सुधारित घोषणा. निळ्या गाडीविषयीची घोषणा रद्द समजावी. भात-मासळी येथे लागलेली आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

दिलगीर या शब्दावर बाईंचा षड्ज ढळला. वहिनी सांगतात, त्या शब्दाला आवाज चक्क फाटला.

या घोषणेने गोदामातून पाच हमाल आपापली बोचकी घेऊन धावत बाहेर आले आणि "कुठली गाडी? कुठं लागली?" असे विचारू लागले. विश्वास ठेवणारी माणसे बाईंना आयुष्यात प्रथमच भेटली, आणि त्यांच्यासाठी गाडी नव्हती. मांजर मात्र एक आले नाही. समोरच्या छपराच्या कडेला क्षणभर एक फाटका कान दिसला, पत्र्यावर खडखड झाली आणि तो दिसेनासा झाला.

पहारेकरी स्टुलावरून उठून आला. "बाई, रागावू नका, पण ओरडू नका. आत्ता तुम्ही बोलायच्या आधी ती तांबडी मांजर इथं पोत्यावर बसली होती. तुमचा आवाज आला तशी पळाली. तुमच्याच आवाजानं पळाली."

बाईंनी मान डोलावली. चिठ्ठीत काही चूक नसावी अशा मुद्रेने त्यांनी ते ऐकून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हळू आवाजात घोषणा केली. तिसऱ्या दिवशी त्याहून हळू. दोन्ही दिवशी पोत्यांमागची शेपटी दिसली आणि शब्द सुटताच नाहीशी झाली. एकतीस वर्षे माणसांनी विश्वास ठेवला नाही, त्याचे बाईंना कधी काही वाटले नव्हते, कारण माणसे मुळातच तशी. पण येथे ज्यांनी विश्वास ठेवला होता त्यांनीच पारखून पाहून तो काढून घेतला होता. हमालांच्या, पहारेकऱ्याच्या, वहिनींच्या देखत, सकारण.

चौथ्या दिवशी पटांगणात पोचल्यावर बाईंनी डबा उघडला, थाळीत भात ओतला, थाळी जमिनीवर ठेवली आणि ओठ मिटून उभ्या राहिल्या.

"अहो, बोलवा की," वहिनी म्हणाल्या.

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"मग आपण इथं कशाला आलोय? हवा खायला?"

परतीची बस सव्वासहाला होती. वहिनींचे गुडघे भरून आले होते, माश्या भातावर बसू लागल्या होत्या आणि नणंद पुतळ्यासारखी उभी होती. वहिनींच्या सहनशीलतेला फार मोठा इतिहास नाही. त्या गंजल्या बिजागरीच्या आवाजात गरजल्या, "ए मेल्यांनो! या की जेवायला! तुमच्यापायी आमची बस चुकतेय, मुडद्यांनो! या म्हणते ना!"

पोत्यांमागून प्रथम जादा आला. त्याला कशाचेच वेळापत्रक नव्हते, तेव्हा अविश्वासाचेही नसावे. मग पहिली फेरी आली आणि तिच्या पाठोपाठ दुसरी. वहिनी शिव्या देत राहिल्या आणि मांजरे जवळ येत राहिली. त्या आवाजात कसलीही मधुर व्यवस्था नव्हती, कोणाच्या सहीची सावली नव्हती. त्या आवाजाने त्यांना दोन वर्षे नुसते 'हुश्श' केले होते आणि हुश्शमध्ये कधी फसवले नव्हते. शेवटी पोत्यांच्या थप्पीवरून एकेक पाय तपासून टाकत मुक्कामी उतरली. तिने बाईंकडे पाहिले, वळसा घालून वहिनींच्या बाजूने आली आणि खाऊ लागली.

"बघा," वहिनी म्हणाल्या, "एवढं सोपं आहे. उगाच आपलं कृपया नि बिपया."

बाई हसल्या की रडल्या याविषयी वहिनींची साक्ष दर वेळी निराळी असते.

आणखी दोन दिवस असेच गेले. मग वहिनी झाकणाची मोठी टोपली घेऊन गेल्या आणि चौघांना, 'मेल्या, कुजक्या, नकटी' इत्यादी स्तुतिसुमनांसह, घेऊन आल्या. बसमध्ये टोपली बोलू लागली तेव्हा कंडक्टरने विचारले, "आत काय आहे, बाई?" बाईंनी ओठ घट्ट मिटले, कारण टोपलीतली मंडळी ऐकत होती. उत्तर वहिनींनी दिले, "आत काय असायचंय? माहेरची माणसं आहेत. चला पुढं." जलद तिकडेच राहिली. विनाथांबा एकदा छपरावर दिसला आणि त्याने दोघींची दखल घेतली नाही. परतीची परत आली नाही; नावांवर कोणी विसंबू नये.

आता समिती काय करणार, याची आम्हाला काळजी होती. पण सचिवांच्या कार्यपद्धतीने मांजरांवरच कृपा केली. मागच्या सभेच्या इतिवृत्तात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते: 'मांजरांचे स्थलांतर: कार्यवाही पूर्ण. विषय समाप्त.' त्याखाली अकरा सह्या होत्याच. म्हणजे लेखी पुराव्यानुसार आवारात मांजरे नव्हती. नसलेल्या मांजरांविषयी तक्रार करायची तर इतिवृत्त खोटे होते असे मान्य करणे आले, आणि सचिव एक वेळ मोटारीवर चार पावले सहन करतील, इतिवृत्तावर खाडाखोड कदापि नाही. आजतागायत जिन्यात मुक्कामी समोर आली तर ते तिच्याकडे अशा तन्मयतेने पाहत नाहीत की पाहणाऱ्याला अद्वैताचा साक्षात्कार व्हावा.

मांजरे आता वहिनींच्या हाकेने जेवतात. ती हाक कधी पाच-वीसला येते, कधी सव्वासहाला, कधी वहिनी विसरतात आणि मग दुप्पट शिव्या देऊन भरपाई करतात. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांची गोळी त्यामुळे चुकते. आम्हीही फिरायला कधी जाऊ ते सांगता येत नाही. भात अजून बाईच शिजवतात, मासे त्याच साफ करतात, थाळी त्याच नेतात. मुखातून अक्षर काढत नाहीत. सचिवांनी मध्यंतरी पाणीपुरवठ्याची सूचना इमारतीला वाचून दाखवण्याची त्यांना विनंती केली. बाईंनी तो कागद घेतला, पंपाच्या खोलीपर्यंत जाऊन पंप चालू आहे का ते पाहिले, नाही असे दिसल्यावर कागद परत केला आणि एक शब्दही न बोलता घरी आल्या. सचिवांना हे वर्तन उद्धट वाटले. आम्हाला ते एका प्रौढ स्त्रीचे उशिरा झालेले शिक्षण वाटले. पण आमच्या वाटण्याला इतिवृत्तात जागा नाही.

परवा दुपारी आम्ही त्यांच्या दारावरून जात होतो. वहिनी आत झोपल्या होत्या. मुक्कामी पायपुसण्यावर होती आणि बाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. आम्ही जिन्याच्या वळणावर थांबलो. त्या मांजरीशी बोलत होत्या. घोषणेचा तो आवाज नव्हता. तो इतका बारीक आणि खरखरीत होता की क्षणभर आम्हाला वहिनीच बोलत आहेत असे वाटले.

"मी बघायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "उठून बघायला हवं होतं हो मी."

आवाज ऐकताच मुक्कामी उठली. तिचे कान मागे गेले. ती पायपुसण्यावरून उतरली, दोन हात लांब जाऊन भिंतीला टेकून बसली आणि तिने शेपटी पायांभोवती आवळून घेतली. बाई पुढे काही बोलल्या नाहीत. मांजरीने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिले. तिथून ती हलली मात्र नाही.